पोरं पाठवण्याआधी ग्रामसभा बसवा



तेंदूचा हंगाम सरला की गावागावांत फॉर्म फिरतात. एक आश्रमशाळेचा, एक शहरातल्या ‘नामांकित’ इंग्रजी शाळेचा. पोर सहा वर्षांचं आणि शाळा परजिल्ह्यात. कागद मराठीत, आईची भाषा गोंडी. ती अंगठा देते.

शिक्षणाला आमचा विरोध नाही. आमच्यातले कितीतरी जण आश्रमशाळेत शिकले म्हणूनच वनहक्काचे दावे लिहू शकले. आमचा प्रश्न एवढाच आहे, पोर घरातून जाणार हे ठरवतं कोण?

इंग्लंडनं गरिबांची पोरं बोटीत बसवून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला धाडली. एकट्या कॅनडात लाखाच्या घरात गेली. ‘त्यांचं भलं होईल’ असंच तेव्हाही सांगितलं. आईबाप जिवंत असताना कित्येक पोरांना ‘तू अनाथ’ म्हटलं गेलं. 2010 साली तिथल्या पंतप्रधानानं माफी मागितली. तोवर कित्येकांचे आईबाप मरून गेले होते.

आपल्याकडे बोट नाही, जबरदस्तीही तशी नाही. पोर सुट्टीत घरी येतं. पण आजीशी बोलायला त्याला शब्द सापडत नाहीत. मोहफूल मार्च-एप्रिलात पडतं, तेव्हा ते परीक्षेत असतं. 2006 च्या कायद्यानं आपण सामूहिक वनहक्क मिळवले. उद्या नाल्याचं, डोंगराचं नाव सांगून हद्द दाखवणार कोण?

कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. उलट 2023 साली सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले. आपल्या टोल्यांवर वीस पोरं आणायची कुठून? गावची शाळा गेली की वसतिगृहाशिवाय वाट राहत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेनं 2019 साली गोंडीतून शाळा काढली, तर शिक्षण विभागानं तिला अनधिकृत ठरवलं.

म्हणून शाळा सुरू होण्याआधी प्रत्येक ग्रामसभेनं ठराव घ्यावा:
1. फॉर्म गोंडी-माडियात वाचून, समजावून सांगितल्याशिवाय कुणी सही-अंगठा देणार नाही.
2. गावची शाळा बंद होणार नाही. लहान वर्ग मातृभाषेत चालतील.
3. बाहेर गेलेल्या पोरांची यादी ग्रामसभेकडे राहील. पोर आजारी पडलं तर त्याच दिवशी घरी निरोप यावा. भेटायला जाण्याचा खर्च शासनानं द्यावा.

ठरावाची एक प्रत प्रकल्प कार्यालयाला द्या, पोच घ्या. एक प्रत आमच्याकडे पाठवा.

जोहार.