कथा कोणाच्या मुखातून?

मराठी मध्यमवर्गीय घरांत कर्णाविषयी कठोर शब्द उच्चारणे आज धाडसाचेच ठरते. दैवाने नाडलेला, समाजाने नाकारलेला दानशूर वीर एवढेच त्याचे चित्र अनेकांच्या मनावर कोरले गेले आहे. ते गडद करण्यात शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीचा वाटा मोठा आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या आत्मनिवेदनांतून ती उलगडते. स्वतः नायक, त्याची माता, मित्र, पत्नी आणि बंधू हे साक्षीदार. एक श्रीकृष्ण तेवढा प्रतिपक्षाचा. द्रौपदीला मात्र निवेदन नाही.

हा केवळ लेखनतंत्राचा प्रश्न नव्हे. 'मी' म्हणून बोलणाऱ्याच्या अंतःकरणात वाचक दीर्घकाळ वावरला, की त्याची व्यथा वाचकाची होते आणि त्याचे अपराध परिस्थितीच्या खात्यावर जमा होतात. द्यूतसभेच्या प्रसंगी असा वाचक कर्णाच्या आसनावर बसलेला असतो. द्रौपदीच्या शेजारी नव्हे.

व्यासांच्या सभापर्वात काय आहे? दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण द्रौपदीचा पक्ष घेतो. त्याला बालबुद्धी ठरवून निरुत्तर करू पाहतो तो कर्ण. पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला सांगणाराही कर्णच. उलट, 'सूतपुत्राला वरणार नाही' हा द्रौपदीचा सर्वतोमुखी झालेला नकार पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सित आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही. अपमानाची ती कथा घरोघरी ठाऊक आहे; सभेतील आज्ञा मात्र विस्मरणात गेली आहे.

व्यासांनीही युद्धकथा एका पात्राच्याच मुखी घातली. पण ते पात्र संजय. तो कौरवांच्या पदरी असूनही हा सर्वनाश तुमच्याच पुत्रमोहाचे फळ आहे, असे धृतराष्ट्राला तोंडावर सुनावतो. भीष्म, द्रोण, कर्ण यांच्या पतनाची वार्ता तो आधी सांगतो आणि मग ते कसे घडले याचे वर्णन करतो. परिणाम आधीच कळल्याने श्रोता उत्कंठेऐवजी कारणांचा विचार करू लागतो.

म्हणून सावंतांना दोष देण्याचे कारण नाही. एका पात्राच्या मनात शिरणे हा कादंबरीकाराचा अधिकारच आहे. भासानेही 'कर्णभारा'त कर्णाची व्यथा रंगवली होती. त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले आणि तीच पात्रे तटस्थ दृष्टीने तपासली गेली. उणीव आहे ती एकच ग्रंथ वाचून निवाडा देणाऱ्या वाचकाची. व्यक्तिनिष्ठा तत्त्वनिष्ठेवर मात करते, तेव्हा समाज वीराच्या दुःखाने गहिवरतो आणि भरसभेत न्याय मागणाऱ्या स्त्रीचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

घरातील तरुणांच्या हाती 'मृत्युंजय' जरूर द्यावी. परंतु तिच्या शेजारी सभापर्व आणि उद्योगपर्वही असावे. दुर्योधनाला प्रिय व्हावे म्हणून पांडवांना कटू बोललो, त्या कर्माचा आज पश्चात्ताप होतो, अशी कबुली उद्योगपर्वात कर्ण स्वतः श्रीकृष्णापाशी देतो. ज्या अपराधाची क्षमा त्याने स्वतःला केली नाही, ती त्याच्या चाहत्यांनी परस्पर का देऊन टाकावी?