हलगी गळ्यातून उतरवली, आता ती वर्गात आली पाहिजे

जिल्हा परिषदेच्या शाळेत जा आणि भिंतीवरचे वेळापत्रक वाचा. आठवड्यात 'कला' असा तास लिहिलेला दिसेल. मग त्या तासाला वर्गात काय चालते ते बघा. बहुतेक ठिकाणी गणिताचा राहिलेला धडा उरकला जातो, नाहीतर शिक्षक ऑनलाइन माहिती भरत बसलेले असतात आणि मुलांना 'गप्प बसा, चित्र काढा' असा हुकूम सुटलेला असतो. वर्षाच्या शेवटी मात्र प्रत्येकाच्या प्रगतिपत्रकात कलेपुढे श्रेणी भरलेली असते. न शिकवलेल्या विषयाची श्रेणी! गणित न शिकवता अशी श्रेणी दिली असती तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती. कलेच्या बाबतीत कुणी चकार शब्द काढत नाही.

यात नुकसान कुणाचे होते, हा आमचा पहिला प्रश्न आहे. शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलाचे काही बिघडत नाही. तो संध्याकाळी तबल्याच्या क्लासला जातो, बहीण कथक शिकते, घरात हार्मोनियम असते. शाळेने बुडवलेला तास आई-बापाचा पगार भरून काढतो. वस्तीतल्या, तांड्यावरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला मात्र शाळेशिवाय दुसरे दार नाही. तिच्या शाळेतून कला गेली की तिच्या आयुष्यातून गेली. म्हणून कलेचा तास बुडणे ही आमच्या दृष्टीने सरळ विषमता आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा जास्त मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमायचे असतात. नीट वाचा. पहिली ते पाचवीसाठी कला निदेशकाची तरतूदच नाही. सहावी ते आठवीला आहे, पण शंभराच्या वर पट असेल तर. आता खेड्यातली अशी शाळा शोधून दाखवा, जिथे या तीन वर्गांत शंभराच्या वर मुले आहेत. म्हणजे मोठ्या गावाला अर्धवेळ माणूस, आणि लहान गावाला तोही नाही. कायद्यानेच वस्तीवरच्या मुलाला सांगून टाकले आहे की तुला वाचता-लिहिता आले तरी पुष्कळ झाले, सूर-ताल तुझ्यासाठी नाहीत.

दुसरीकडे दहावीच्या निकालात काय होते? चित्रकलेच्या श्रेणी परीक्षेचे आणि शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. लोककलेसाठीही तरतूद आहे, पण तिथेही प्रमाणपत्र लागते. हे गुण मिळवायला लहानपणापासून क्लासची फी भरावी लागते. ज्याच्या घरात ती ऐपत आहे त्याच्या टक्केवारीत भर पडते. ज्याला शाळेने कधी सूर लावायला शिकवलेच नाही, तो मागे पडतो. आरक्षणाचे नाव निघाले की गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे लोक या गुणांविषयी कधी बोलतात का? ते गुण बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. कलेला गुण द्यायचे असतील तर आधी प्रत्येक शाळेत कला शिकवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

इथपर्यंत आपले कार्यकर्ते मान डोलावतील. खरी अडचण पुढे आहे, कारण कलेच्या शिक्षणाला विरोध आपल्या घरातूनही होतो. तो दोन तोंडांनी होतो.

पहिले तोंड म्हणते, गाण्याने पोट भरत नाही. पोराला स्पर्धा परीक्षा करू द्या. पोटाची चिंता खोटी नाही. पण ही चिंता करणाऱ्यांनी बाबासाहेबांचे आयुष्य पुन्हा वाचावे. रामजी सुभेदारांचे घर कबीरपंथी. त्या घरात भजने होती. सगळ्या जबाबदाऱ्या डोक्यावर असतानाही बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले. औरंगाबादला त्यांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी बसवले आणि बाबासाहेबांनी ते पाहिले. ज्या माणसाला पदव्यांची किंमत सर्वांत जास्त कळत होती, त्याने पदवीच्या बदल्यात कला सोडा असे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले नाही. बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव गायकवाड यांनी १८८६ मध्ये बडोद्यात मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली होती. त्याच सयाजीरावांनी पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांना एकाच राज्यात अक्षर आणि सूर दोन्ही हवे होते. आपण दोहोंतले एक का निवडायचे?

दुसरे तोंड जास्त गंभीर आहे. ते म्हणते, हलगी, डफ, सनई, संबळ ही आपल्या गुलामीची खूण आहे. गावकीने ती आपल्या गळ्यात बांधली. पाटलाच्या लग्नात वाजवा, देवाच्या पालखीपुढे वाजवा आणि शेवटी उकिरड्याशेजारी बसून शिळे खा. ते सोडून आपण माणसे झालो. आता तेच शाळेत परत कशाला आणता?

या आक्षेपात पिढ्यांची आग आहे, म्हणून त्याला आम्ही मान देतो. ज्यांनी गावकीची वाजंत्री नाकारली, त्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. ते बरोबरच होते. पण त्यांनी नाकारले काय? त्यांनी वेठ नाकारली. जन्मावरून लादलेले काम, त्यातला अपमान आणि मोबदल्याऐवजी मिळणारे बलुते नाकारले. बोटांतला ताल ही मात्र विद्या होती. वेठ फेकताना विद्याही फेकली गेली तर त्यात फायदा वेठ लादणाऱ्याचाच होतो. कातड्याकडेच पाहा. तबल्यावर बकऱ्याचेच कातडे आणि हलगीवरही कातडेच. एकाला मैफलीत गालिचा मिळाला आणि दुसऱ्याला वेशीबाहेरची जागा. विटाळ कातड्यात नव्हता, वाजवणाऱ्याच्या जातीवर तो चिकटवलेला होता. मग विटाळ धुवायचा की वाद्य टाकायचे?

हा प्रश्न फक्त आपल्यापुढेच आलेला नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी १८६६ मध्ये फिस्क ही शाळा निघाली. ती पैशाअभावी बंद पडायची वेळ आली, तेव्हा १८७१ मध्ये तिथले मूठभर विद्यार्थी गाण्याचे कार्यक्रम करत दौऱ्यावर निघाले. त्यांच्यातली एला शेपर्ड हिने लिहून ठेवले आहे की गुलामीच्या काळातली गाणी ते आधी लोकांसमोर गात नसत, कारण त्या गाण्यांना गुलामीच्या अंधाराची आठवण चिकटलेली होती. पुढे त्यांनी तीच गाणी ताठ मानेने मंचावर म्हटली. त्या पैशातून शाळा वाचली आणि 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली. १८७३ मध्ये ही मुले इंग्लंडमध्ये गात होती. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध करून ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. तिकडे मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांनी आपल्या गाण्यातून शाळा बांधली. तमिळनाडूत परै या वाद्याचेही असेच झाले. मयताला वाजवायचे, म्हणून हलके ठरवलेले ते वाद्य आधी नाकारले गेले आणि नंतर तेच मोर्च्यात आले. २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गट चेन्नईत उघड्या मंचावर उभा राहिला. वाद्य जुने होते, वाजवणाऱ्याची मान बदलली होती.

आपल्याकडे तर हे काम त्याहून आधी सुरू झाले. जोतीरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, १८६९ मध्ये शिवरायांचा पोवाडा लिहिला. त्यांच्या सत्यशोधक विचारातून जलसे निघाले, आणि त्याच वाटेने पुढे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांना चळवळ या जलशांनी सांगितली. वामनदादा कर्डक यांना तरुण वयापर्यंत अक्षरओळख नव्हती. अण्णा भाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची. आणि जात्यावर बसलेल्या, सही करू न शकणाऱ्या आयाबायांनी भीमरायावर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्यांमध्ये त्या आज नोंदलेल्या आहेत.

इथे काही जण लगेच म्हणतात, बघा, हे सगळे शाळा न शिकता घडले. मग कलेला शाळा कशाला? हे म्हणणे वरवर कौतुकाचे आणि आतून लबाड आहे. त्यांना शाळा नव्हती असे नाही. जलसा ही शाळा होती. गिरणगावातली चाळ, कलापथक, रात्रभर चालणारा सवाल-जवाब ही शाळा होती. दहा वर्षांचे पोर तिथे कोरसात उभे राहायचे आणि विशीत शाहीर होऊन बाहेर पडायचे. आज गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, जलसे बोटांवर मोजण्याइतके उरले. जयंतीला ट्रकवर डीजेच्या भिंती उभ्या राहतात. गाणे भाड्याने मिळते, पण ते शिकायची जागा उरलेली नाही. बाबासाहेबांची दहा भाषणे आणि शाहिराचे एक गाणे सारखेच, हे वचन आपल्या प्रत्येक मंचावरून सांगितले जाते. मग दहा भाषणांच्या तोलाचे ते गाणे जिथे शिकता येईल अशा जागा आपल्या तालुक्यात किती आहेत, याचाही हिशेब त्याच मंचावरून मांडला पाहिजे.

व्यवस्थेला गाण्याची ताकद नीट कळते. म्हणून तर कबीर कला मंचाच्या कलावंतांना तुरुंगात जावे लागले. आपल्याला मात्र गाणे हा सभेपूर्वीचा वेळ काढण्याचा प्रकार वाटतो!

आता शाळेत कला आणायची म्हणजे काय आणायचे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. कलेच्या नावाखाली सरस्वतीपूजन आणि श्लोकपठण येणार असेल तर ते आम्हाला नको. आणि स्नेहसंमेलनात आजवर चालत आले ते तर मुळीच नको. तिथे गुरुजी आडनाव बघून म्हणतात, 'तू हलगी घे, तुमच्याकडे असतेच,' आणि पेटीपुढे दुसऱ्याला बसवतात. ही वर्गात शिरलेली गावकीच आहे. आमची मागणी अशी की जोशी-देशमुखांच्या मुलाने हलगी शिकावी, कांबळे-गायकवाडांच्या मुलीने तानपुरा जुळवावा आणि दोघांनी दोन्ही शिकावे. जात कामाची वाटणी जन्मावरून करते. एकाच बाकावर बसून सगळ्यांनी सगळी वाद्ये शिकणे म्हणजे ती वाटणी मोडणे. जातिअंताचे असे रोजचे, साधे, हाताने करायचे काम दुसरे कोणते आहे?

हे आपोआप होणार नाही. कायद्यानेच एक दार उघडे ठेवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. वंचित घटकातल्या पालकांना त्यात प्रमाणशीर जागा असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि वस्तीतल्या आयांनी या समितीत जाऊन आराखड्यात वाद्यांचा संच आणि कलेचा शिक्षक ही मागणी लेखी नोंदवावी. माहितीच्या अधिकारात जिल्हा परिषदेला विचारावे की शंभराच्या वर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळा किती आणि त्यात कला निदेशक किती. शंभराची अट काढा, पहिलीपासून कलाशिक्षक द्या आणि तो तुटपुंज्या मानधनावर नको, पूर्ण वेतनावर द्या, ही मागणी प्रत्येक मोर्च्याच्या निवेदनात असली पाहिजे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत वाद्ये मागा. पदवी नसलेला, पण आयुष्य जलशात घातलेला शाहीर शाळेत शिकवू शकेल असा नियम मागा.

आणि सरकारची वाट बघत बसू नका. प्रत्येक बुद्धविहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी हलगी, ढोलकी, पेटीचा वर्ग चालू शकतो. जयंतीला डीजेच्या एका रात्रीवर जे खर्च होते, त्यात वस्तीतल्या मुलांसाठी वाद्ये येतात आणि शाहिराचे मानधनही निघते. मंडळांनी हा हिशेब वस्तीसमोर मांडावा आणि निर्णय वस्तीलाच करू द्यावा.

'शिका' या शब्दाचा अर्थ आपण परीक्षेपुरता आखडून घेता कामा नये. ज्यांना शतकानुशतके फक्त वाजवायला लावले, त्यांच्या मुलांनी आता काय वाजवायचे, कुणासाठी वाजवायचे आणि कधी वाजवायचे नाही हे स्वतः ठरवले पाहिजे. ते ठरवण्याची ताकद शिक्षणातून येते, म्हणून ते शिक्षण शाळेतच मिळाले पाहिजे आणि प्रत्येकाला मिळाले पाहिजे.

जयभीम!