“जाड ऑईल द्या” म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला आधी प्रश्न विचारा!



गावात ऑईल-स्पेअर्सचं दुकान किंवा ट्रॅक्टर सर्व्हिसिंग सुरू करायचंय? मग हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येणार: “शेठ, उन्हाळा आलाय, जाड ऑईल द्या.” बरेच दुकानदार मुकाट्याने डबा काढून देतात. माझं मत स्पष्ट आहे: अशाने आजचा गल्ला भरतो, पण उद्याचं गिऱ्हाईक तुटतं.

डब्यावरचे आकडे आधी स्वतः समजून घ्या. 15डब्ल्यू-40 मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑईल किती वाहतं ते सांगतो, दुसरा 100 अंशांना किती दाट राहतं ते. म्हणजे 15डब्ल्यू-40 आणि 20डब्ल्यू-40 ही गरम इंजिनात एकाच ग्रेडची ऑईल! फरक पडतो तो थंड इंजिनाला स्टार्टर मारताना. निफाडला हिवाळ्यात पारा कधी कधी 5 अंशांच्या खाली जातो. तिथे 15डब्ल्यू बेअरिंगपर्यंत लवकर पोचतं.

मग नागपूरच्या 45 अंशांचं काय? बाहेर कितीही ऊन असलं तरी इंजिनाचं तापमान रेडिएटर आणि थर्मोस्टॅट सांभाळतात. म्हणून ग्रेड अंदाजाने बदलायची नाही, ट्रॅक्टरच्या पुस्तकातला तक्ता बघायचा.

गरजेपेक्षा जाड ऑईल उशिरा पोचतं, इंजिनावर ओढ येते, डिझेल जास्त जातं. फार पातळ असेल तर थर तुटतो आणि झीज वाढते. आणि झिजलेल्या इंजिनात जाड ऑईल ओतलं तर दुखणं फक्त झाकलं जातं.

ग्रेडसोबत एपीआयचं अक्षरही वाचा. ‘सी’ने सुरू होणारं, उदाहरणार्थ सीआय-4, डिझेल इंजिनासाठी असतं, ‘एस’चं पेट्रोलसाठी.

तुम्ही म्हणाल, “सर, गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, वाद कशाला?” वाद घालूच नका. फक्त तीन प्रश्न विचारा: मॉडेल कोणतं? पुस्तकात कोणती ग्रेड आहे? अवर मीटर किती झालं? उत्तरं वहीत लिहा आणि पुढचं ऑईल किती तासांवर बदलायचं तेही टाका. वेळ आली की फोन करा.

डबा तर शेजारचा दुकानदारही विकतो, कदाचित दहा रुपये स्वस्त. पण ऐन पेरणीत ज्याचा ट्रॅक्टर बंद पडला नाही, तो शेतकरी तुमचं दुकान सोडणार नाही. आजच वही आणा!