पारा तलावातही मोजा

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 3300 मेगावॅट आहे. प्रत्येकी 660 मेगावॅटचे पाच संच 2012 ते 2014 या काळात सुरू झाले. सगळे संच पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाकाठी 45 ते 50 हजार टन कोळसा लागतो. आपल्याकडच्या कोळशात टनामागे ग्रॅमचा दहावा भाग पारा धरला, तरी एका दिवसाच्या कोळशात चार-पाच किलो पारा असतो. भट्टीत त्याची वाफ होते. काही भाग राखेला चिकटून अडतो, उरलेला चिमणीतून बाहेर पडतो.

केंद्र सरकारने 7 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा घालून दिली: एक घनमीटर धुरात 0.03 मिलिग्रॅम. मर्यादा हवीच. पण ती सांगते एका घनमीटरचे. वर्षानुवर्षे किती पारा साचला, हे ती सांगत नाही. पारा नष्ट होत नाही. हवेतून तो पावसाबरोबर जमिनीवर आणि पाण्यात उतरतो. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात. तो शेवाळातून लहान माशात, लहान माशातून मरळीसारख्या शिकारी माशात चढत्या प्रमाणात जातो आणि शेवटी ताटात येतो. सर्वांत मोठा धोका गर्भातल्या बाळाच्या मेंदूला असतो.

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, बोड्या आणि पावसाळाभर पाणी धरून ठेवणाऱ्या धानाच्या बांध्या, सगळीकडे गाळ आणि साचलेले पाणी. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात पाऱ्याच्या खाणींच्या परिसरात भातातूनही मिथिल पारा माणसांच्या शरीरात गेल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. तिथली आणि इथली परिस्थिती एक नाही, हे खरे. पण मासे आणि भात हेच ज्यांचे रोजचे जेवण, त्यांच्यासाठी फक्त चिमणीच्या तोंडाशी केलेले मोजमाप पुरेसे कसे ठरेल?

त्यातच 11 जुलै 2025 च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतांश औष्णिक संचांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. ही यंत्रणा धुरातल्या पाऱ्याचाही काही भाग धुऊन काढते. जिथे ती बसणार नाही, तिथे हा जादा फायदाही गेला. म्हणून तर आता तलावातले मोजमाप अधिक गरजेचे आहे.

मोजमाप केले तर माशांचा बाजार बसेल, ढिवरांच्या पोटावर पाय येईल, अशी भीती काहींना वाटेल. ती समजण्यासारखी आहे. पण बाजार बसतो तो अफवेने. आकडे चांगले निघाले तर ढिवरांच्या हाती खात्रीचा कागद येईल. वाईट निघाले तर कोणत्या तलावातला कोणता मासा गर्भवतींनी टाळावा, एवढे तरी सांगता येईल, आणि नुकसानभरपाई मागायलाही आधार मिळेल. जपानमध्ये मिनामाताच्या कोळी कुटुंबांचा आजार 1956 मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्यातला पाराच त्याचे कारण आहे, हे सरकारने मान्य केले 1968 मध्ये. या 12 वर्षांची किंमत मासे खाणाऱ्यांनी मोजली. त्याच गावाच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली आहे.

तेव्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि जिल्हा प्रशासनाने तिरोडा परिसरातले आणि तुलनेसाठी दूरचे काही तलाव निवडावेत. तिथला गाळ, मासे आणि धान यांतला पारा दरवर्षी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा. खर्च वीज केंद्राने उचलावा, नमुने मच्छीमार सहकारी संस्थांच्या समक्ष घेतले जावेत आणि निकाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. राज्याला वीज देणाऱ्या तालुक्याचा एवढा हक्क नक्कीच आहे.