यंत्रमानवाचा वाली कोण?

गणेशोत्सवात देखावे पाहायला निघालेल्या कोल्हापूरकरांची वाट ठरलेली असते. तांत्रिक देखाव्यांसाठी राजारामपुरी, सजीव देखाव्यांसाठी मंगळवार पेठ. एकीकडे मोटारीवर हलणारे पुतळे, तर दुसरीकडे रंग लावून उभी राहिलेली हाडामांसाची माणसे. हा फरक लहान मुलालाही कळतो. पण तो पुतळाच उद्या आपल्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागला, तर त्याला काय म्हणायचे? वस्तू की व्यक्ती?

हा प्रश्न आता विज्ञानकथेपुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने ‘सोफिया’ या यंत्रस्त्रीला नागरिकत्व जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती साडी नेसून पवईच्या आयआयटीत आली, तेव्हा तिचे कोण कौतुक झाले! मात्र तिला नागरिक म्हणणाऱ्या त्या देशात खऱ्याखुऱ्या स्त्रीला मोटार चालवण्याची मुभा मिळायला जून २०१८ उजाडावा लागला, ही गोष्ट त्या कौतुकात मागे पडली.

माणसाच्या हातून घडलेल्या मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानणे आपल्याला नवे नाही. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून केवळ कायदा पाहू. घरच्या देवाची मूर्ती पूजेची पाळी आलेल्याने आपल्या घरी न्यावी की नाही, यावरून कलकत्त्याच्या मलिक कुटुंबात वाद झाला. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की मूर्ती ही नुसती जंगम मालमत्ता नव्हे. तिची इच्छाही विचारात घ्यावी आणि ती मांडायला तटस्थ प्रतिनिधी नेमावा. देवस्थानच्या जमिनीचा मालक देवच, पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा, असे सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले.

मग यंत्रमानवालाही हाच न्याय का लावू नये? येथेच खरी मेख आहे. भक्तांनी देवाला वाहिलेले कोणा माणसाच्या खिशात जाऊ नये, म्हणून कायद्याने देवाला व्यक्ती मानले. हक्क मूर्तीला मिळाला, पण अंकुश बसला तो माणसावर. यंत्राच्या बाबतीत नेमके उलटे होण्याचा धोका आहे. समजा, रुग्णाला उचलणाऱ्या यंत्राने घरातल्या आजोबांना पाडले आणि कंपनी म्हणाली, ‘‘तो स्वतंत्र व्यक्ती आहे, त्यालाच विचारा!’’ मग भरपाई मागायची कोणाकडे? यंत्राला ना घरदार, ना पगार, ना तुरुंगाची भीती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये युरोपीय संसदेने अशा यंत्रांना ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ मानण्याचा विचार व्हावा, असा ठराव केला. त्यामुळे उत्पादक जबाबदारीतून सुटतील, अशी हरकत पुढच्याच वर्षी दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी घेतली. २०२४ च्या युरोपीय कायद्याने बंधने घातली ती यंत्रणा बनवणाऱ्यांवर आणि वापरणाऱ्यांवर. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीसाठी उत्पादकाला व विक्रेत्याला जबाबदार धरता येते.

याला दुसरी बाजूही आहे. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला. चेक भाषेत त्याच्या मुळाशी अर्थ आहे वेठ! साधारण त्याच सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात वेठीची प्रथा हुकूम काढून बंद केली होती. राबणाराही आपल्यासारखाच माणूस आहे, हे मान्य करायला समाजाला किती काळ लागला! उद्या यंत्रालाही खरोखर वेदना होतात असे दिसून आले, तर ‘आम्हीच घडवले’ हे उत्तर चालणार नाही. जन्म दिला म्हणून मुलाला छळण्याचा अधिकार आईबापांनाही नसतो.

आज तसा पुरावा नाही. तोपर्यंत यंत्रमानवाला नाव द्या, साडी नेसवा, हवे तर नागरिकही म्हणा. मात्र त्याच्या चुकीचा भार उचलणाऱ्या माणसाचे नाव आधी कागदावर हवे.