सडा पडीक कोणी ठरवला?

मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावीला बसली की आपल्या घरात ठरलेल्या चार नोकऱ्यांची चर्चा सुरू होते. बँक, पोलीस, शाळा, नाही तर रेल्वे. त्यात वाईट काही नाही. याच नोकऱ्यांनी आपली कित्येक घरे उभी केली. परंतु ज्यांचे नावही आपल्या वस्तीत पोचलेले नाही अशी कामेही जगात आहेत, आणि त्यांतील काही कामे थेट आपल्या गावच्या जमिनीशी संबंधित आहेत. अशाच एका कामाची ओळख आज आम्ही करून देत आहोत. इंग्रजीत या विद्येला लँडस्केप इकॉलॉजी म्हणतात. आपण तिला भूदृश्याचा अभ्यास म्हणू.

नाव जड असले तरी काम समजायला अवघड नाही. एक झाड किंवा एक प्राणी घेऊन त्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ असतात. हा अभ्यासक मात्र सगळा मुलूखच एकत्र पाहतो. जंगलाचे तुकडे कोठे उरले, त्यांना जोडणाऱ्या वाटा कोणत्या, मधली शेती, बागायत, वस्ती, रस्ता आणि खाण यांचा एकमेकांवर परिणाम काय, हे तो शोधतो. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३९ मध्ये या विद्येला नाव दिले, तेही विमानातून काढलेली छायाचित्रे अभ्यासताना. म्हणजे वरून घेतलेले चित्र आणि ही विद्या यांची जोडी पहिल्यापासूनची आहे.

सिंधुदुर्गात तर या विद्येची गरज पावलोपावली दिसते. गड नदी आणि कर्ली नदी सह्याद्रीच्या बाजूने येतात आणि मालवणच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळतात. वर डोंगर उघडा पडला की माती खाली खाडीत येते. खाडी गाळाने भरली की तिवरांच्या मुळांत वाढणाऱ्या माशांच्या पिलांवर त्याचा परिणाम होतो, आणि पुढे रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला कमी मासळी येते. डोंगरातील झाड आणि मालवणच्या बाजारातील मासळीची टोपली यांचे नाते असे आहे. हे नाते कागदावर दाखवायचे तर नकाशाच लागतो.

हा नकाशा आता उपग्रहाच्या मदतीने तयार होतो. भारताने आपला नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १९८८ मध्ये सोडला. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे जगातील कोणालाही फुकट मिळतात. त्यांतील एक चौकट जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे साधारण एका कौलारू घराएवढी. पूर्वी चित्रकार पारदर्शक कागद एकावर एक ठेवून चित्र जुळवीत. तसेच संगणकावर जंगल, नदी, उतार, रस्ते आणि गावाच्या हद्दी यांचे थर एकमेकांवर ठेवतात. दहा वर्षांपूर्वीचे चित्र आणि आजचे चित्र शेजारी ठेवले की कोठे रान तुटले, कोठे रबर लागला, कोठे खाण वाढली, हे दिसते.

परंतु वरून सगळेच दिसत नाही. वरून काजूची बागही हिरवी आणि जुने रानही हिरवेच. सर्वांत मोठी फसगत होते ती आपल्या सड्याची. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांना सडा ठाऊक आहे: काळा तापलेला कातळ, ज्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. उपग्रहाच्या चित्रात तो उघडा खडक दिसतो आणि नोंदीत शब्द पडतो, 'पडीक'. पण तोच सडा श्रावण-भाद्रपदात पाहा. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशा वनस्पतींनी तो भरून जातो, आणि त्यांतल्या कित्येक जाती सह्याद्री-कोकणाबाहेर कोठेच सापडत नाहीत. सड्यावर पडलेले पावसाचे पाणी भेगांतून मुरते आणि खालच्या वाडीच्या विहिरीत व व्हाळात येते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्या शेळ्या आणि गुरे याच सड्यावर चरतात. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर तर आदिमानवाने कोरलेली चित्रे आहेत. २०२२ मध्ये ती जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली.

मग पडीक कोणाच्या दृष्टीने? ज्याची तेथे शेळी चरत नाही आणि ज्याला त्या विहिरीचे पाणी प्यायचे नाही, त्याच्या दृष्टीने. एकदा 'पडीक' शिक्का बसला की ती जागा प्रकल्पाला द्यायला सोपी जाते. गरिबाचे चराऊ रान नकाशावरच्या एका शब्दामुळे जाऊ शकते. म्हणून नकाशा कोण काढतो हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

या जिल्ह्याने तीन प्रकारच्या रेघा पाहिल्या आहेत. पहिली रेघ समुद्रावर पडली. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हेतू चांगला होता, कारण तेथे प्रवाळ आहेत. पण ज्यांचे पोट त्या पाण्यावर, त्या मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही आणि त्यांचा विरोध वर्षानुवर्षे राहिला.

दुसरी रेघ डोंगरावर पडली. २०१० मध्ये केंद्र सरकारने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट समिती नेमली, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे पूर्ण जिल्हे तिच्या कामात आले. समितीने घाटाचे सुमारे २,२०० चौकोन पाडले. एक चौकोन साधारण ९ किलोमीटर बाजूचा. एवढ्या चौकोनात दाट रानही येते आणि माणसांची वाडीही. म्हणून अंतिम हद्दी गावांना विचारून ठरवाव्यात, असे त्या समितीनेच ऑगस्ट २०११ च्या अहवालात सांगितले. पुढे डॉ. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये २४ मीटरच्या बारीक चौकटीचा नकाशा काढला. तो अधिक सूक्ष्म होता. परंतु गावाचा वीस टक्के किंवा त्याहून अधिक भाग संवेदनशील निघाला तर सगळे गावच यादीत आले. चौकट बारीक झाली, पण गावाला विचारणे मागे पडले.

तिसरी रेघ लोकांनी स्वतः मागितली. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांनी ग्रामसभेत ठराव करून आमचे गाव संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा, अशी मागणी केली. बाहेरून कोणी लादले नव्हते. खाणींचा धोका त्यांना दिसत होता. हा पट्टा राधानगरीपासून तिळारी, गोवा आणि कर्नाटक यांच्या जंगलांना जोडतो. २००२ मध्ये रानटी हत्ती कर्नाटकातून दोडामार्गात उतरले ते याच बाजूने. २०२० मध्ये तिळारीच्या सुमारे २९.५ चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्याच्या संरक्षणासाठी आदेश दिला. ज्या रेघेला गावाचा पाठिंबा होता तिच्यासाठी गावकरी टिकून राहिले, हे विसरता येत नाही.

आता आपल्या कुटुंबांनी यात काय करायचे? पहिली गोष्ट, मसुदा वाचायचा. पश्चिम घाटाचा ताजा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला तेव्हा हरकतींसाठी ६० दिवस होते. अशी मुदत मुंबईत पाळीवर जाणाऱ्या माणसाला कळण्याआधीच संपते. गावी फोन केला की जसे आजारपण विचारतो, तसे ग्रामपंचायतीत कोणता नकाशा लागला हेही विचारावे. नकाशात आपली बौद्धवाडी, तिची विहीर, तिची वाट आणि गुरे चरण्याची जागा दाखवली आहे की नाही, हे पाहावे.

दुसरी गोष्ट, जैवविविधता समिती. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती आली आणि गावाची जैवविविधता नोंदवही लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. २००४ च्या केंद्रीय नियमांत नेमलेल्या सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असावेत असे घातले होते. आपल्या गावच्या समितीत आपले कोण आहे? कोणती भाजी कधी उगवते आणि कोणता व्हाळ कधी आटतो, हे आपल्या आयाबहिणींना जेवढे ठाऊक आहे तेवढे उपग्रहाला ठाऊक नाही. ते वहीत उतरले पाहिजे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवनाची सफर सुरू करून त्याच ज्ञानातून चार पैसे मिळवून दाखवले आहेत.

तिसरी गोष्ट, मुलांचे शिक्षण. दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. भूमी अभिलेख खात्याच्या २०२१ च्या भूकरमापक भरतीत तो पात्र धरला होता. भूगोल, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरण घेऊन पदवी केल्यावर पुणे आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांत जिओइन्फॉर्मॅटिक्सचे शिक्षण मिळते. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था घरबसल्या फुकट अभ्यासक्रम चालवते, आणि क्यूजीआयएस ही नकाशाची संगणक प्रणालीही फुकट आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि पुढे पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात वेळेवर करावी. या क्षेत्रात पक्क्या नोकऱ्या थोड्या आहेत आणि बरेचसे काम प्रकल्पापुरते असते, हेही आईवडिलांनी समजून घ्यावे. म्हणून सर्व्हेअरचे किंवा संगणकाचे कौशल्य हाताशी ठेवून मग पुढे जाणे शहाणपणाचे.

उपग्रहाचे चित्र खरे की खोटे हे शेवटी कोणी तरी पायी जाऊन तपासावे लागते. हातात यंत्र घेऊन, कातळ तुडवत, म्हाताऱ्या माणसांना विचारत विचारत. सड्यावर शेळ्या राखलेल्या घरातील मूल या कामात इतरांच्या चार पावले पुढे असेल. त्याच्या आजीला जे तोंडपाठ आहे ते त्याने नकाशावर मांडावे. मग त्या जागेसमोर 'पडीक' लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याला त्याला विचारावे लागेल.