खारं पाणी पिणारी वॉलबी

मंडळी, गेल्या दिवाळीत या सदरात रास अल खोरच्या रोहितांवर लिहिलं होतं. यंदाचा विषय ॲडलेडच्या नातीने दिला. बर दुबईतल्या गॅलरीतून तिला व्हिडिओवर खाडीतल्या अब्रा दाखवत होतो, तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही समुद्राचं पाणी पिता?" म्हटलं, हो, जेबेल अलीला मीठ काढतात, मग नळाला येतं. "आमची टॅमर वॉलबी मिठासकट पिते!"

खरंच पिते. टॅमर म्हणजे कांगारूच्या कुळातलं छोटं जनावर, फार तर नऊ-दहा किलोंचं. दिवसा झुडपात दडायचं, रात्री गवत खायला निघायचं. गोड्या पाण्याचा झरा नसलेल्या बेटांवरही ती तगते, कारण तिची मूत्रपिंडं समुद्राचं मीठ बाहेर टाकू शकतात. पिल्लू जन्मतं तेव्हा अर्ध्या ग्रॅमचंही नसतं. सरपटत पिशवीत शिरून सड घट्ट धरतं. १६२९ साली ते पाहून पेल्सार्ट या डच व्यापाऱ्याला वाटलं, पिल्लू सडातूनच उगवतं. (हा गृहस्थ त्याआधी आग्र्याला नोकरीला होता. म्हणजे आपल्यातलाच!) बाळंतपणानंतर लगेच पुढचा गर्भ राहतो, पण तो वाढत नाही. डिसेंबरअखेर तिकडचा दिवस लहान होऊ लागेपर्यंत, जवळजवळ अकरा महिने, नुसता थांबून राहतो.

मला मात्र वेगळीच गोष्ट लागून राहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरची टॅमर १९२०च्या दशकात संपली. रानं तोडली गेली, बाहेरून आणलेले कोल्हे माजले. पण तिथले एकेकाळचे गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी १८७०च्या सुमारास काही टॅमर न्यूझीलंडच्या कावाऊ बेटावर नेल्या होत्या. तिथे त्या इतक्या वाढल्या की लोक वैतागले. जनुकं तपासल्यावर कळलं, ही तीच हरवलेली जात. २००३ साली ८५ टॅमर परत आणल्या आणि २००४ साली इनेस राष्ट्रीय उद्यानात सोडायला सुरुवात झाली.

मार्चमध्ये आमची इथली ३१ वर्षं संपतात. सांगलीचं घर रंगवून ठेवलंय. भाऊ म्हणतो, "दादा, इथलं काही पूर्वीचं राहिलेलं नाही." कावाऊवर कोल्हे नव्हते, म्हणून टॅमर सोडण्याआधी इनेसमधल्या कोल्ह्यांचा बंदोबस्त करावा लागला होता. हे मी हिला वाचून दाखवलं.

"आधी जिन्याला कठडा लावून घ्या म्हणावं," ही म्हणाली.

भावाला तसं कळवलंय.